खांद्यांवरच्या खाचा

मी घरी शिलाई मशीन चालवते. शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधल्या आमच्या गावात बहुतेक बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे असतात. त्यामुळे कुणाचं अंग भरलं, कोण आजारात सुकलं, कुणाला दिवस गेले, हे मला टेपवरून आधी कळतं. शिवताना शिलाईच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतात, पुढे अंग वाढलं तर उसवून घेता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. वाढत्या पोरींच्या कपड्यांत मी माया सैल हातानं सोडून ठेवते. माझ्या लेकीच्या कपड्यांत तर जरा जास्तच ठेवली होती, तरी ती पुरली नाही.

ती तेव्हा आठवीत होती. दिवाळीत शिवलेला शाळेचा कुर्ता संक्रांतीला तिच्या छातीवर बसेना. मी तो उसवला, आतली सगळी माया संपवली. उन्हाळ्याच्या आधी परत तेच. मला वाटलं, पोरगी वयात येतेय, चांगलंच आहे. माझी आई मला म्हणायची की तूही अशीच एकदम वाढलीस. पण माझी वाढ थांबली होती. हिची थांबेना. बाकीचं अंग बारीकच, हात काड्यांसारखे, मनगटात बांगडी ठरत नव्हती, आणि छाती तेवढी महिन्यामहिन्याला जड होत चाललेली.

ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मी नाव कमी केलं."

"काहून?"

"अभ्यास हाय."

मला ते खरं वाटलं. नंतर बघितलं, ती शाळेत जाताना दप्तर पाठीला न लावता पुढं छातीशी धरून जायची. उन्हाळ्यात, जेव्हा आमच्याकडे शेळ्यासुद्धा बाभळीच्या सावलीतून हलत नाहीत, तेव्हाही ती अंगावरून ओढणी काढत नसे. रात्री मानेला बाम चोळायची. डोकं दुखतं म्हणायची. चालताना खांदे पुढे ओढलेले, नजर पायांवर. तिचे वडील म्हणायचे, "ही पोरगी बुढ्या मानसासारखी काहून चालून राहिली? सरळ चाल म्हन तिला." मीही म्हणायचे. ती दोन पावलं सरळ चालायची आणि परत वाकायची.

ती नववीत असताना मी तिचा नवा कुर्ता बेतायला घेतला. टेप तिच्या खांद्यावर ठेवला, तर टेपाखालचं माझं बोट खाली गेलं. मी परत चाचपून बघितलं. आतल्या कपड्याच्या पट्ट्यानं खांद्यात खाच पाडली होती, जशी दोरीनं विहिरीच्या काठावरच्या दगडाला पडते तशी. दोन्ही खांद्यांवर. तिथली कातडी काळी पडलेली. मी म्हणाले, "हे दुखतंय का?" ती म्हणाली, "माय, समदंच दुखतंय." आणि मग तिनं सांगितलं की घामानं खालच्या बाजूला कातडी सोलून निघते, मी हळद लावते, तुला सांगितलं नाही. एवढं सांगून ती रडली नाही. ती उभीच राहिली, जणू मी पुढचं माप घेईन म्हणून.

गावातल्या दवाखान्यात आधी दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, मग मलम. दोन्हींनी चार दिवस बरं वाटायचं. असं करत दहावी सरली. शेवटी ती अकरावीत गेल्यावर मी तिला घेऊन हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या बाळंतपणं करतात. त्यांनी तिला तपासलं, मान वळवून बघायला सांगितली, हात वर करायला सांगितले, खांद्यांवरच्या खाचांवर अंगठा फिरवला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही हिला सरळ चाल म्हणून ओरडता का?"

मी म्हणाले, "व्हय."

"नका ओरडू. हिला सरळ राहताच येत नाही. एवढं वजन गळ्यात बांधून तुम्ही दिवसभर चालून बघा. हा आजार आहे. कमी वयात, झपाट्यानं होतो कधीकधी. हिची काही चूक नाही आणि तुमचीही नाही. याच्यावर ऑपरेशन आहे."

मी त्या टेबलासमोर बसून राहिले. बाहेर बायकांची गर्दी होती, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मला त्या वेळी जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. आपल्या पोरीला जे होतंय त्याला जगात नाव आहे, ते कुणीतरी आधी पाहिलंय, त्यावर कुणीतरी बसून विचार केलाय, हात चालवलाय, याचंच मला नवल वाटलं. आजवर मला वाटत होतं की हे फक्त आमच्याच घरात घडतंय.

घरी आल्यावर मी तिच्या वडिलांना सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात, प्लास्टिक सर्जरीच्या विभागात जायला सांगितलं होतं. ते शेळ्यांना पाला टाकत होते. म्हणाले, "प्लास्टिक? ते तर सिनेमावाल्या बाया करतेत."

"जळालेल्या मानसाचं बी तिथंच करतेत," मी म्हणाले.

त्यांनी पाल्याची फांदी झाडाला टांगली, जरा वेळ त्या फांदीकडेच बघत राहिले. "तकलीफ हाय का तिला? खरंखुरं सांग."

"लई हाय."

"मग जाऊन ये," ते म्हणाले. बाप लेकीबद्दल याहून जास्त काय बोलणार, असं तेव्हा मला वाटलं.

सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या ओट्यावर बसून तुरी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, लगीन झालं, लेकरू झालं की समदं बराबर व्हतं. देवानं दिलेलं अंग कापाया निघाल्या मायलेकी. उद्या लेकराला काय पाजंल ती?" लेक आत दाराशी उभी राहून ऐकत होती, हे मला तिच्या पैंजणांच्या आवाजावरून कळलं.

आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. त्या मोठ्या दवाखान्यात ज्या सर्जनबाई भेटल्या त्या वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आधी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी म्हणाले, "मी आई हाय तिची."

"माहीत आहे मला. सिस्टर आहेत आत. पण आधी मला हिच्याकडून ऐकायचंय."

मी बाहेर बाकड्यावर बसले. माझी पोरगी, जी पाहुण्यांसमोर पाण्याचा तांब्या ठेवतानासुद्धा मान वर करत नाही, ती आत एकटी डॉक्टरशी बोलत होती. दार उघडायला बराच वेळ लागला. मला आत बोलावलं तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती खुर्चीत टेकून बसली होती.

सर्जनबाईंनी मला बसवून सगळं सांगितलं. मी म्हणाले, "मग आता करून टाका की, बाई. कशाला थांबायचं?"

"थांबावं लागेल. हिची वाढ अजून चालू आहे. आत्ता कमी केलं आणि नंतर परत वाढलं, तर परत कापावं लागेल. एक वर्षभर माप बदललं नाही, वजन साधारण तेवढंच राहिलं, पाळी नीट येतेय, असं दिसलं की मग करू. तसं केलं तरी पुढं परत थोडं वाढणारच नाही, अशी खात्री मी देत नाही. आणि त्रास फारच वाढला तर आधीही विचार करू. तोवर रक्ताच्या तपासण्या, हार्मोनच्या, सोनोग्राफी. एखादी गाठ वाढत असेल तर तेही बघायला हवं. पाठीचे व्यायाम शिकून घे, बेटा. आणि हिचं रक्त कमी आहे, हे मी डोळ्यांवरूनच सांगते. ते आधी भरून काढायचं."

मग त्यांनी तोटेही सांगितले, आणि ते माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून सांगितले. टाके पडतील आणि व्रण कायमचे राहतील. पुसट होतील, पण जाणार नाहीत. काही ठिकाणी संवेदना कमी होऊ शकते, कधी काही महिने, कधी कायमची. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील असं नाही. जखम भरायला वेळ लागू शकतो. आणि पुढे बाळाला दूध पाजण्याबद्दल त्या म्हणाल्या, "बऱ्याच जणींना पाजता येतं. काहींना कमी येतं, काहींना येत नाही. तुझं काय होईल हे मी आज सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही. घाई नाही, वर्ष आहे तुझ्याकडे. विचार कर."

मी आयुष्यात कुणालाही सोळा वर्षांच्या पोरीशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आमच्याकडे पोरीच्या लग्नाचं ठरतं तेव्हासुद्धा तिला एवढं कुणी सांगत नाही.

उठताना त्यांनी मला विचारलं, "घरात अजून कुणाला असं होतं का? आई, मावशी, आजी?"

"न्हाई," मी म्हणाले. मला तेवढंच माहीत होतं.

घरी येऊन मी टेपवर पेनानं एक खूण केली. दर महिन्याला तेवढ्यावर टेप येतो का ते बघायचं, असं सर्जनबाईंनी सांगितलं होतं. आणि मी तिच्यासाठी नवं आतलं वस्त्र शिवायला घेतलं. बाजारात जे मिळतं त्याचे पट्टे सुतळीसारखे. मी चार बोटं रुंद पट्टे केले, आत जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी तुकडा घातला, पाठीवर कापड चढवलं. ते दिवस सोयाबीन काढणीचे होते, गावात मळणी यंत्राचा आवाज आणि घराघरात भुसा. मी ते वस्त्र तिला खोलीत घालून बघायला लावलं. दाराचा पडदा ओढलेला होता. तेवढ्यात आत्याबाई सुईदोरा मागायला आत आल्या.

लेक पटकन ओढणी ओढायला गेली, पण तोवर त्यांनी तिचा खांदा बघितला होता.

त्या तिथंच माझ्या मशीनच्या स्टुलावर बसल्या. मग पदर खाली घेतला, पोलक्याची वरची गाठ सोडली आणि खांदा उघडा केला. मला म्हणाल्या, "बोट लाव."

मी लावलं. मानेपासून खांद्यापर्यंत एक रुंद, काळी, गुळगुळीत खाच होती. लेकीच्या खाचेपेक्षा दुप्पट रुंद. दुसऱ्या बाजूलाही तशीच.

एवढी वर्षं मी त्यांचे कपडे शिवते, पण त्यांनी मला कधी अंगाला टेप लावू दिला नव्हता. मापाला जुनं पोलकं द्यायच्या, वर म्हणायच्या, "ढिलं शिव." नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. त्यांची पाठ वाकली आहे ती वयानं, असंच घरातल्या सगळ्यांना वाटत होतं.

"निंदायला वाकलं की जमिनीला लागंल असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या. "मंग लुगड्याची पट्टी फाडायची, खालून घ्यायची आन् खांद्यावरून मानंमागं गाठ मारायची. दिसभर तशीच. उन्हाळ्यात आतून सोलून निघायचं. राख लावायचे मी."

"कुनाला सांगितलं न्हाई?" लेकीनं विचारलं.

"कुनाला सांगू? तुझ्या आज्याला? सासूला? मला वाटायचं माझ्यातच कायतरी पाप हाय." मग त्यांनी हात पुढं केला, नातीच्या खांद्यावरच्या खाचेवर तळवा ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "माझंच आलंय गं हे तुझ्याकडं. माझ्याच अंगाचं."

मी त्या दोघींकडे बघत उभी होते. एकाच घरात, एकाच छपराखाली, एक बाई सत्तरीची आणि एक पोर सोळाची, सारखंच ओझं घेऊन फिरत होत्या आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं. रक्तातून नाक येतं, डोळे येतात, हे मला माहीत होतं. दुखणंही असं एखाद्या पोरीत थेट उतरतं, मधल्या लेकाला स्पर्शही न करता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी ते रात्री तिच्या वडिलांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "माझ्या मायला बी?" म्हणाले. मग हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी डोक्यावर पाण्याची घागर घेतली की ते काही न बोलता उठायचे आणि ती उतरवून घ्यायचे.

त्यानंतरच्या खेपेला आत्याबाई आमच्याबरोबर निघाल्या. एसटीत खिडकीशी बसल्या, नातीला शेजारी बसवलं. सर्जनबाईंनी त्यांची सगळी हकिकत ऐकून घेतली. केव्हा वाढायला लागलं, केव्हा थांबलं, गाठी कधी झाल्या का, घरात कुणाला कॅन्सर होता का, सगळं विचारलं. मग लेकीला म्हणाल्या, "तंबाखू, मशेरी काही लावतेस का? त्यानं जखम भरत नाही."

लेक हसली. आत्याबाईंनी हळूच आपली मशेरीची डबी कमरेच्या पिशवीत खाली ढकलली. सर्जनबाईंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मग आत्याबाईंनीच तो विषय काढला. "बाई, दूध न्हाई आलं तर? मी समद्या लेकरांना पाजलं, कुनाला कमी पडू दिलं न्हाई."

सर्जनबाई उत्तर देणार, एवढ्यात लेकच बोलली. ती आजीकडे बघून म्हणाली, "आज्जी, तू समद्यांना पाजलंस. पर तू सरळ हुभी राहिलेली मी एकदा बी बघितली न्हाई. मला सरळ हुभं राहायचंय. लेकराचं म्या नंतर बघंन."

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि सर्जनबाईंना म्हणाल्या, "करा तुमी."

ते वर्ष हळू गेलं. लेक रोज सकाळी गोठ्यामागच्या भिंतीला पाठ लावून व्यायाम करायची. लोहाच्या गोळ्या, शेवग्याची भाजी, गूळ-शेंगदाणे चालू होते. खांद्याचे पट्टे रुंद झाल्यानं तिला थोडं बरं होतं, पण दुखणं गेलं नव्हतं. दर महिन्याला मी टेप घ्यायचे. पहिल्या काही महिन्यांत टेप खुणेच्या जरासा पुढं गेला. मग तिथंच आला. मग परत तिथंच. जे अंग कुणाचं न ऐकता वाढत गेलं होतं, ते एके दिवशी आपलं आपण थांबलं होतं. का वाढलं ते सर्जनबाईंनाही पुरतं सांगता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, तपासण्यांमध्ये हार्मोन बरोबर आहेत, पण अंगच त्या हार्मोनचं जास्त ऐकतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. कुणी जास्त ऐकतं, कुणी कमी.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं. उन्हाळा नको, घामानं जखम चिघळते, म्हणून थंडी लागताना. आदल्या दिवशी आम्हा नवरा-बायकोची सही घेतली. तिचं वय अठराच्या आत होतं, म्हणून आमची लागते. सर्जनबाईंनी ते कागद तिलाही वाचायला दिले आणि विचारलं, "अजूनही नको वाटलं तर सांग. कुणी रागावणार नाही." ती म्हणाली, "करायचंय." फोटो काढायचे होते, आधीचे आणि नंतरचे, तेही तिला विचारून, चेहरा न घेता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी येऊन दमा आहे का, कधी चक्कर येते का, विचारलं. तिचे वडील कोपऱ्यात उभे होते. सगळे जायला निघाले तेव्हा त्यांनी सर्जनबाईंना गाठलं आणि फक्त एवढंच विचारलं, "वाचंल ना लेकरू?"

"धोका शून्य कधीच नसतो," त्या म्हणाल्या. "पण हिची तब्येत चांगली आहे आणि आम्ही वर्षभर तयारी केलीय. मी काळजी घेईन."

सकाळी तिला स्ट्रेचरवरून नेण्याआधी सर्जनबाईंनी तिला उभं करून, पडद्याआड, शाईनं रेषा आखल्या. मी आत होते. सिस्टरनं टेप धरला होता. गळ्याच्या खोबणीपासून मोजायचं, खांद्याच्या मधून मोजायचं, मग एक ठिपका, मग एक वळण. मी जन्मभर कापडावर खडूनं तसंच आखत आले. पण माझं कापड निपचित पडून असतं. इथं माझी लेक श्वास घेत होती आणि रेषा तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होत्या. सर्जनबाई मध्येच थांबायच्या, दोन पावलं मागं जाऊन बघायच्या, परत पुढं यायच्या. कापण्याआधी एवढा वेळ बघणारं माणूस मी बघितलं नव्हतं. माझी भीती तिथंच निम्मी उतरली.

आम्ही तिघं बाहेर बसलो. वडील चहा आणायचे आणि तो तसाच गार व्हायचा. आत्याबाई ओठ हलवत जप करत होत्या. दुपार कलायला लागली तेव्हा सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. "छान झालंय. शुद्धीवर येतेय." काढलेला भाग तपासायला पाठवलाय, तो नेहमीच पाठवतात, घाबरू नका, म्हणाल्या. आणि किती वजन निघालं तेही सांगितलं. मी मनातल्या मनात तेवढ्या वजनाची ज्वारीची पिशवी उचलून बघितली. ती मी एका हातात धरून दुकानातून घरापर्यंतसुद्धा आणत नाही, मध्ये हात बदलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं तिला उठवून उभं केलं. छातीला घट्ट पट्टा, दोन्ही बाजूंना बारीक नळ्या, त्यांच्या टोकाला बाटल्या. तिनं पाय जमिनीवर ठेवले, उभी राहिली आणि एकदम माझा दंड धरला. "माय, मी मागं पडून राहिले."

"पडत न्हाईस तू," मी म्हणाले.

"न्हाई, मागं जातंय अंग."

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "पुढं ओढणारं गेलंय ना, म्हणून. दोन दिवसांत सवय होईल."

तिनं खांदे मागं घेतले, मान वर केली. आणि मला तिच्याकडे बघायला नजर वर करावी लागली. माझी लेक माझ्यापेक्षा उंच होती. चांगली चार बोटं उंच. केव्हा झाली होती ती एवढी? मी तिचे कपडे शिवते, तिच्या सलवारीची लांबी मला पाठ आहे, आणि मला ती उंची कधी दिसलीच नव्हती, कारण ती कधी पूर्ण उभीच राहिली नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. मागं आत्याबाई खाटेला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई गं, हिच्या आज्याची उंची आलीय हिला," आणि रडायला लागल्या. तिचे वडील दारात होते. त्यांनी एकदा बघितलं आणि पाठ फिरवून व्हरांड्यात गेले.

पुढचे सगळे दिवस काही गोड नव्हते. घरी आल्यावर एका बाजूला, जिथं टाके एकमेकांना मिळतात, तिथं जखम उलली. मी घाबरून गेले. फोनवर फोटो मागवून न घेता सर्जनबाईंनी बोलावूनच बघितलं. म्हणाल्या, असं होतं, पू नाही, ताप नाही, भरेल. महिनाभर मी रोज हात साबणानं धुऊन तिची पट्टी बदलली. याच काळात ती उदास झाली. जेवायची नाही. आरशाकडे पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "माय, मी बराबर केलं ना? एका बाजूला हात लावला तरी कळत न्हाई मला." आत्याबाई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "रडू दे तिला. अंगातलं काही गेलं की मानूस रडतंच. नकोसं गेलं तरी बी." पुढच्या खेपेला सर्जनबाईंनी तिला समुपदेशनाच्या बाईंकडे दोनदा पाठवलं. तपासणीचा अहवालही आला, त्यात वाईट काही नव्हतं. जखम भरली. कळत नसलेल्या बाजूला महिन्याभरानं मुंग्या यायला लागल्या. सर्जनबाई म्हणाल्या, ही शीर जागी होतेय, चांगली खूण आहे. पूर्ण येईल की नाही, ते वेळच सांगेल. ते अजूनही पूर्ण आलेलं नाही. ती म्हणते, चालतंय.

डोकेदुखी गेली. मानेचा बाम संपला तो परत आणला नाही. खांद्यांवरच्या खाचा मात्र आहेत, उथळ झाल्यात, पण आहेत. सर्जनबाईंनी सांगितलं होतं की त्या एवढ्या लवकर जायच्या नाहीत.

तुरी काढून झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. पोटावर झोपायला आता हरकत नाही, असं सर्जनबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. मी चुलीपुढून उठून बाहेर आले, तर लेक बाजेवर गोधडी टाकून पालथी झोपलेली. गाल गोधडीत रुतलेला, तोंड किंचित उघडं, एक हात बाजेखाली लोंबणारा. मी तिला तशी झोपलेली लहानपणानंतर कधीच पाहिली नव्हती. किती वर्षं ती कुशीवर, उशा लावून, अवघडून झोपत आली होती. तिची पाठ श्वासाबरोबर सावकाश वर-खाली होत होती. सपाट, सरळ, मोकळी पाठ. मी हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिले.

तिचे वडील शेळ्या सोडायला आले. करडं बें बें करत होती. ते हाक मारणार होते, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी बाजेकडे बघितलं. मग वाकून एकेक करडू हातांनी उचललं, आवाज न करता, आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलं.